कालवे आखणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र : ओढ्याची वाट ओढ्याला द्या

माननीय अभियंता मंडळी,

सविनय नमस्कार.

माझी शेती कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. कालव्याचं पाणी भरावापलीकडे, खालच्या अंगाला जातं. त्यातलं टिपूसही माझ्या वाट्याला येत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. कालवा कुठूनही नेला तरी कोणीतरी त्याच्या वर राहणारच. पण माथ्यावरून येणारा ओढा माझ्या बांधाला लागून वाहतो आणि पुढे कालव्याच्या भरावाला जाऊन भिडतो. भरावातून जायला त्याला जेवढी वाट ठेवली असेल तेवढंच पाणी पुढे जातं. बाकीचं मागे फुगतं, आमच्या उभ्या पिकात.

कालवा आणि ओढा जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथली सगळी बांधकामं तुमच्या हातात असतात. जलसेतू (ओढ्यावरून कालवा नेणारा पूल), सायफन (खालून बुडी मारून पाणी पलीकडे नेणारी दाबाची नळी), भरावाखालच्या मोऱ्या, सुपरपॅसेज (कालव्यावरून ओढा नेणारा पूल), लेव्हल क्रॉसिंग (दोघं एकाच पातळीवर भेटतात ती ओलांडणी). अंदाजपत्रकात ती कालव्याची कामं म्हणून येतात, कालव्याच्या पैशातून होतात आणि कालवा सुरक्षित राहावा म्हणून होतात. माझी विनंती एवढीच आहे की ती ओढ्याची कामं म्हणून आखा. ओढा आधीपासून तिथे आहे, त्याचं पात्र त्याच्याच पुरांनी घडवलेलं आहे. कालवा मागाहून आला आणि त्याच्या वाटेत आडवा पडला. मग वाट किती रुंद ठेवायची, किती खोल ठेवायची, पावसाळ्याआधी ती मोकळी आहे की नाही हे कोणी बघायचं, हे सगळं ओढ्याकडून ठरायला हवं.

ओलांडणी टाळता येत नाही, हे मला कळतं. दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवरून कालवा नेता आला तर त्याला ओढे आडवे येतच नाहीत. पण कालवा निघतो नदीतून किंवा धरणातून, म्हणजे खोऱ्याच्या तळातून. तिथून धारेवर पोचेपर्यंत त्याला डोंगरउताराच्या कडेकडेने जावं लागतं आणि उतारावरून येणारा प्रत्येक ओहोळ, ओढा, नदी त्याला छेदते. म्हणून कालव्याच्या पहिल्या टप्प्यात या बांधकामांची गर्दी असते आणि खर्चही तिथेच होतो.

याचं उत्तम उदाहरण गंगा कालव्याचं आहे. ब्रिटिश अभियंता प्रोबी कॉटली यांनी आखलेला हा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. हरिद्वार ते रुडकी या सुरुवातीच्या पट्ट्यातच शिवालिक डोंगररांगेच्या बाजूने येणारे चार मोठे प्रवाह त्याला आडवे येतात. राणीपूर आणि पथरी हे दोन प्रवाह कालव्याच्या डोक्यावरून नेले आहेत. खालून कालवा, वरून पुराचं पाणी. धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्या पातळीवरच येते, म्हणून तिथे दोघांचं पाणी एकत्र येऊ दिलं आणि पलीकडच्या काठावर दरवाजे लावून पूर बाहेर काढायची सोय केली. रुडकीजवळ सोलानी नदीचं पात्र खोलगट आहे, तिथे कालवाच उचलून १५ कमानींवरून पलीकडे नेला. प्रत्येक कमान ५० फुटांची. चार प्रवाहांना तीन वेगळीवेगळी उत्तरं मिळाली, कारण प्रत्येकाची पातळी, गाळ आणि पूर वेगळे होते. कागदावरचा एकच नमुना उचलून चारही ठिकाणी टाकलेला नाही. आजही मी नव्या कालव्याचं काम पाहतो तेव्हा आधी हेच बघतो: प्रत्येक ओढ्याजवळ कोणी थांबलं होतं का, की एका मापाचे पाइप ट्रकमधून उतरवत गेले?

कोणती रचना कुठे, हे मुख्यतः पातळ्यांवरून ठरतं. ओढ्याची पूरपातळी कालव्याच्या तळापेक्षा पुरेशी खाली असेल तर साधा जलसेतू. पूर त्याच्याखालून मोकळ्या अंगाने निघून जातो. पूरपातळी कालव्याच्या तळाला लागत असेल तर ओढ्याचा तळ खाली घेऊन त्याला सायफनमधून दाबाखाली जावं लागतं. ओढ्याचा तळच कालव्याच्या पाण्यापेक्षा उंच असेल तर सुपरपॅसेज, आणि तेवढी जागा मिळत नसेल तर कालव्याने स्वतः ओढ्याखालून बुडी मारायची. हे मी तुम्हाला शिकवत नाही. पण या निवडीतला एक कल मला खटकतो. साध्या जलसेतूला कालवा उंच ठेवावा लागतो, भराव वाढतो, खर्च वाढतो. म्हणून कालवा थोडा खाली घेतला जातो आणि ओढ्याला सायफनमध्ये ढकललं जातं. कालव्याचा खर्च वाचतो. मोकळं वाहणारं पाणी मात्र कायमचं नळीत जातं आणि त्या नळीची राखण पुढच्या पिढ्यांवर पडते.

आता मुख्य प्रश्न. पूर किती धरायचा?

रूढ पद्धत अशी की कालवा किती मोठा, यावर पुराचा निकष बराचसा अवलंबून असतो. लहान कालव्याखालच्या मोरीला २५ वर्षांतून एकदा येणारा पूर पुरे मानतात, मोठ्या कालव्याला ५० किंवा १०० वर्षांतून एकदा येणारा. यामागचा विचार कालवा फुटला तर नुकसान किती, हा आहे. वरच्या अंगाला काय आहे, वस्ती आहे का, विहिरी आहेत का, शाळेची वाट आहे का, हे त्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. लहान वितरिकेचा (कालव्याच्या फाट्याचा) भरावसुद्धा ओढ्याला तेवढाच अडवतो जेवढा मोठ्या कालव्याचा. आणि २५ वर्षांतून एकदा म्हणजे फार क्वचित, असा जो समज आहे तोही तपासून बघा. मोरीचं आयुष्य ५० वर्षं धरलं तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ८७ टक्के निघते. शंभर वर्षांतल्या पुरालाही ती सुमारे ४० टक्के आहे. म्हणजे लहान मोरी आपल्या आयुष्यात अपुरी पडणार, हे जवळपास गृहीत धरूनच बांधली जाते. तसं असेल तर अपुरी पडेल तेव्हा पाणी कुठून जाईल, हेही आधीच ठरवून ठेवायला हवं. भरावाचा एखादा भाग मुद्दाम खाली ठेवून, त्याला दगडी फरसबंदी करून, पुराला वरून जायची जागा देता येते. तसं केलं नाही तर पाणी स्वतःच जागा निवडतं आणि ती बहुतेक वेळा भरावातली सगळ्यात कच्ची जागा असते.

पुराचा आकडा काढायची सूत्रं जुनी आहेत. डिकन्सचं सूत्र एकोणिसाव्या शतकातलं. त्यात पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा पाऊण (३/४) घात घेऊन एका गुणकाने गुणतात. तो गुणक सपाट मैदानात ६ आणि काही भागांत २८ पर्यंत घ्यावा, असं पुस्तकं सांगतात. तो निवडतो कार्यालयात बसलेला माणूस. त्याने १४ ऐवजी ११ घेतला की पूर एका फटक्यात पाचव्या हिश्शाहून जास्त कमी होतो; पाऊस तेवढाच पडतो. म्हणून सूत्राचा आकडा आला तरी तिथे थांबू नका. ओढ्याकाठी जा. झाडाच्या बुंध्यावर अडकलेल्या काटक्या कुठवर आहेत, जुन्या भिंतीवर गढूळ पाण्याची रेघ कुठे आहे, हे बघा. म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं ते त्यांच्या पक्कं लक्षात असतं. दोन-तीन ठिकाणच्या खुणा आणि पात्राचे आडवे छेद हाती आले की त्यावरून पुराचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी गेलं ते, उलट काढता येतो. सूत्र आणि खुणा यांत जो आकडा मोठा येईल तो धरा. एवढं केलं तरी आमची अर्धी भीती जाईल.

अपुरी वाट ठेवली तर काय होतं, याचा दाखला त्याच गंगेच्या खोऱ्यात आहे. खालच्या गंगा कालव्याने कासगंजजवळ नदरई इथे काली नदी ओलांडली. तिथला पहिला जलसेतू १८८५ च्या पुरात वाहून गेला. नदीला ठेवलेली वाट त्या पुरापुढे फारच अरुंद ठरली. त्याजागी १८८९ पर्यंत नवा जलसेतू उभा राहिला, ६० फुटांच्या १५ कमानींचा. दुसऱ्या खेपेला नदीला तिची रुंदी मिळाली आणि ते काम आजही उभं आहे. एवढी रुंदी पहिल्याच खेपेला दिली असती तर एकाच ठिकाणी दोनदा बांधावं लागलं नसतं.

रुंदी किती, याचा अंदाज लॅसीच्या सूत्राने येतो. गाळाच्या मातीतल्या नदीची पाण्याला लागलेली कडेपासून कडेपर्यंतची लांबी मीटरमध्ये साधारण ४.७५ गुणिले विसर्गाचं वर्गमूळ. सेकंदाला १०० घनमीटर पूर असेल तर साडेसत्तेचाळीस मीटर. ही नदीची स्वतःची गरज आहे. तिथे तुम्ही खांब, भिंती घालून २० मीटर ठेवलीत तर पाणी वेगाने जाईल, तळ खरवडेल आणि मागे चढेल. मध्यम रेतीच्या तळात त्याच पुरात खरवड पूरपातळीपासून साधारण सव्वादोन मीटर धरतात. खांबांच्या आणि पंखभिंतींच्या (तोंडाशी दोन्ही बाजूंना पसरलेल्या भिंतींच्या) पायाशी दीड ते दोन पट. पाया त्याच्याही खाली गेला पाहिजे. खडकाळ, मोठ्या धोंड्यांच्या डोंगरी ओढ्यांना लॅसीचं गणित लागू होत नाही. तिथे धोंडे, झाडं, अख्खे ओंडके वाहून येतात आणि पाण्यापेक्षा त्यांची वाट महत्त्वाची ठरते.

मोरी तुडुंब भरल्यावर काय होतं, हे नीट समजलं तर मागच्या फुगवट्याची भीती का वाटते ते कळेल. भरून वाहणाऱ्या मोरीतून दुप्पट पाणी ढकलायला मागच्या आणि पुढच्या पाण्यातला फरक चौपट व्हावा लागतो. म्हणजे पूर जरा वाढला की वरच्या अंगाचं पाणी झपाट्याने चढतं. अर्धा मीटर फरकावर चाललेली मोरी दुप्पट पुराला दोन मीटर मागते. सपाट शेतात दीड मीटर जास्त चढलेलं पाणी किती लांबवर पसरतं, याचा हिशेब तुमच्या समपातळी नकाशावर दहा मिनिटांत करता येतो. तो करून फुगवट्याची रेघ नकाशावर काढा आणि तो नकाशा गावात लावा. आम्हाला निदान विहीर कुठे खणावी आणि गोठा कुठे बांधावा, हे ठरवता येईल.

पाइपांबद्दलही बोललं पाहिजे. एका मोठ्या मोरीऐवजी निम्म्या व्यासाचे चार पाइप टाकले की कागदावर क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि काम लवकर उरकतं. पण त्याच उतारावर निम्म्या व्यासाचा पाइप मोठ्या पाइपाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढं पाणी नेतो. चार मिळून ६३ टक्के. आणि हे झालं स्वच्छ पाण्याचं. ओढ्यातून बाभळीची फांदी वाहत येते, तण येतं, प्लॅस्टिक येतं. फांदी पाइपाच्या तोंडात आडवी अडकली की तिच्यावर तण चढतं, तणावर गाळ बसतो आणि तासाभरात तोंड बंद. मोठ्या मोरीत तीच फांदी निघून गेली असती. म्हणून माझं मागणं आहे की माणूस वाकून आत जाऊ शकेल याहून लहान वाट कुठल्याच ओढ्याला ठेवू नका, विसर्ग कितीही छोटा निघो.

दोन ओढे जोडून एकाच मोरीतून नेण्याची काटकसर तर थांबवाच. गणितात ती फायद्याची दिसते: डिकन्सच्या सूत्राने दुप्पट पाणलोटाचा पूर दुप्पट येत नाही, १.६८ पट येतो. दोन कामांऐवजी एक काम. भरावाच्या वरच्या अंगाने एक आडवी चारी खणायची आणि पहिला ओढा दुसऱ्यात नेऊन सोडायचा. पण भरावाच्या खाली काय झालं ते बघायला कोणी जात नाही. पहिल्या ओढ्याच्या खालच्या पात्रात पाणीच येत नाही, त्याच्या काठच्या विहिरी आटतात, कोरड्या पात्रात हळूहळू शेतं आणि घरं सरकतात. दुसऱ्या ओढ्याच्या पात्रात त्याच्या सवयीच्या दीडपटीहून जास्त पूर येतो, काठ ढासळतात, शेताचे लचके तुटतात. आणि एखाद्या वर्षी ती आडवी चारी फुटली की पाणी पुन्हा पहिल्या ओढ्याच्या जुन्या वाटेवर येतं, जिथे आता भरावात मोरी नाही आणि खाली घरं आहेत. कालवा फुटण्याच्या ज्या घटना ऐकतो त्यांत ही एक नेहमीची कहाणी आहे. छोटा ओढा सरळ कालव्यातच सोडून द्यायचा, हाही तसाच प्रकार. तो अगदी किरकोळ असेल, गाळ आणत नसेल आणि पुढे लगेच जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा असेल, तरच चालेल. सांडव्याशिवाय ओढा कालव्यात घेणं म्हणजे पुढच्या कोणाच्या तरी शेतात कालवा फोडणं.

आता सायफनच्या तोंडाशी या. आमच्या ओढ्यावरचा सायफन तीन गाळ्यांचा, म्हणजे शेजारी शेजारी तीन वाटांचा आहे. ओढा तिथे खाली उतरतो, कालव्याच्या तळाखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. पूर असतो तेव्हा पाणी सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने जावं आणि गाळ आपोआप धुऊन निघावा, अशी आखणी असते. पण ओढा वर्षातले बहुतेक दिवस घोट्याएवढा वाहतो. त्या बारीक धारेला वेग नसतो. ती गाळ आणून खोलगट भागात ठेवते. त्यावर पाणी साचून राहतं, त्यात लव्हाळं उगवतं, लव्हाळ्याच्या मुळ्या गाळ घट्ट धरतात. उन्हाळ्याच्या शेवटी मी तोंडाशी उभा राहून पाहिलं आहे: तीनपैकी एक गाळा छतापासून हातभर अंतरापर्यंत भरलेला, वरचा थर वाळून भेगाळलेला, खाली काठी खुपसली तर काळा चिखल. मधल्या गाळ्याच्या जाळीला मागच्या वर्षीचं तण तसंच लटकलेलं. आखणीत तीन गाळे आहेत, पुराला मिळणार जेमतेम दीड. अर्ज दिले, उत्तर आलं की काम मंजूर मर्यादेत बसत नाही. कालव्याच्या अस्तराची दुरुस्ती त्याच वर्षी त्याच भागात झाली. मी कोणा एकाला दोष देत नाही; कालव्याची देखभाल कालव्याच्या पाण्यावरून मोजली जाते आणि सायफनमधून कालव्याचं पाणी जात नाही, म्हणून तो कोणाच्याच यादीत वर येत नाही. ही व्यवस्था बदलायला हवी. बारीक वाहण्यासाठी तीनपैकी एक गाळा किंचित खाली ठेवला तर रोजची धार तिथेच एकवटते आणि बाकीचे दोन पुराला कोरडे आणि मोकळे राहतात. ही साधी युक्ती आखणीच्या वेळी फुकट मिळते, नंतर मिळत नाही.

तुमच्या आखणीतली एक गोष्ट मला नेहमी थरारक वाटते. सायफनच्या फरशीला सगळ्यात जास्त धोका असतो तो ओढा कोरडा आणि कालवा काठोकाठ भरलेला असताना. कालव्यातून झिरपलेलं पाणी खालून फरशीला वर ढकलतं आणि वरून दाबायला काहीच नसतं. दाब एक मीटर उंच पाण्याएवढा असेल तर नुसत्या वजनाने तोलायला साधारण ४२ सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट लागतं. छताचा धोका नेमका उलट्या वेळी: ओढा तुडुंब आणि कालवा रिकामा. तेव्हा पुराचं पाणी खालून कालव्याची द्रोणी (ज्या पन्हळीतून कालवा वाहतो ती) उचलू बघतं. म्हणजे हे बांधकाम भर उन्हाळ्यातल्या निवांत दिवशी एका बाजूने तपासलं जातं आणि अतिवृष्टीच्या रात्री दुसऱ्या बाजूने. पावसाच्या भीतीने कालवा घाईघाईने रिकामा करायचा हुकूम देताना ही गोष्ट त्या हुकुमात लिहिलेली असते का? जिथे छताची जाडी कमी आहे तिथे कालव्यात थोडं पाणी राखायचं की काढायचं, हे प्रत्येक कामाच्या फलकावर लिहून ठेवा. रात्री दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाला पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आणि गळती. भराव मातीचा, बांधकाम दगडाचं किंवा काँक्रीटचं. दोन्ही जिथे भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक. रोलर भिंतीला चिकटून फिरत नाही, म्हणून तिथली माती हाताने, थराथराने चोपावी लागते. तेवढं नीट झालं नाही की कालव्याचं पाणी पंखभिंतीच्या पाठीमागून वाट काढतं. खेकडे आणि घुशी त्याच मऊ जागेत बिळं करतात. सुरुवातीला पंखभिंतीच्या पायाशी नुसती ओल दिसते, मग करंगळीएवढी धार. ती धार स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर ती भरावातली माती घेऊन चालली आहे, आणि आतली पोकळी रोज मागे मागे, कालव्याकडे सरकते आहे. एक काचेची बाटली भरून घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी तळाला गाळ बसला आहे का बघा. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही. मात्र अशी धार दिसली की बाहेरून सिमेंट लावून तोंड बुजवायचं, ही जी पद्धत पडली आहे ती घातक आहे. पाणी आतच अडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. तिथे आधी बारीक वाळू, मग जाड वाळू, मग खडी असा गाळणीचा थर देऊन वर दगडांचं वजन ठेवायचं. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. मग पाणी कमी करून कालव्याच्या बाजूने खरी दुरुस्ती करायची. हे तुम्हाला माहीत आहे. गळतीपाशी पहिला पोचणाऱ्या मजुराला माहीत नसतं, आणि त्याच्या हातात पाठवलेली असते ती सिमेंटची गोणी.

पाण्याबरोबर माणसंही कालवा ओलांडतात. कालवा गेला की एका शेताची दोन शेतं होतात, पायवाट तुटते, गुरांची पाणवठ्याची वाट तुटते. पूल लांब असेल तर लोक जलसेतूच्या भिंतीवरून चालतात. हातभर रुंद भिंत, एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला ओढ्याचं खोल पात्र. त्यावरून डोक्यावर भारा घेऊन बाया जातात, दप्तर पाठीला लावून पोरं जातात. त्यांना रागावून उपयोग नाही. बांधकाम तिथे असेल तर माणूस त्यावरून जाणारच. मग जलसेतूला पायवाट आणि कठडा सुरुवातीपासूनच द्या, त्याचं वजन आखणीत धरा. सिमेंटचं अस्तर केलेल्या कालव्यात पडलेला माणूस शेवाळलेल्या उतारावरून वर येऊ शकत नाही. पोहता येत असलं तरी नाही. ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा लोखंडी कड्या बसवा, आणि सायफनच्या किंवा बोगद्याच्या तोंडाआधी पाण्यावर आडवा दोर व पायऱ्या तर हव्यातच, कारण त्याच्यापुढे वाचायची संधी नसते. ओढ्याच्या मोऱ्याही जरा उंच ठेवल्या तर कोरड्या दिवसांत गुरं त्यांतूनच पलीकडे जातात. त्यासाठी वेगळा पूल बांधावा लागत नाही.

ज्याला बिनचूक उतारावर पाणी न्यायचं आहे त्याला खोलगट जागा ओलांडाव्याच लागतात, हे फार जुनं आहे. आजच्या उत्तर इराकमध्ये जेरवान इथे असिरियाचा राजा सेनाखेरिब याने इसवी सनापूर्वी सुमारे ६९० मध्ये दगडी जलसेतू बांधला. वरून कालवा, खालून कमानींतून ओढा. त्या ओढ्याला वाट सोडायची अक्कल २,७०० वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना होती. आज आपल्याकडे उपग्रहाचे नकाशे आहेत, पावसाच्या नोंदी आहेत, संगणक आहेत. अडतं ते दुसरीकडे: मोरीचं माप ठरवताना वरच्या अंगाचं कोणी खोलीत नसतं.

म्हणून काही गोष्टी मागतो. नव्या कालव्याच्या प्रत्येक ओलांडणीचा पूर, फुगवटा आणि वाटेचं माप काम सुरू होण्याआधी वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांच्या गावांना दाखवा आणि त्यांची पुराची आठवण लिहून घ्या. जुन्या मोऱ्यांची एक यादी करा, त्यात आखणीचा विसर्ग लिहा, आजच्या पावसाच्या नोंदींवर तो पुन्हा काढा, आणि ज्या अपुऱ्या निघतील तिथे भरावात आणखी गाळे घाला. माथ्यावरची झाडी गेली असेल, रस्ते आणि छपरं वाढली असतील तर तोच पाऊस आता लवकर आणि जास्त उतरतो. ३० वर्षांपूर्वीचा आकडा आज खरा नाही. ओढ्याच्या कामांची सफाई कालव्याच्या देखभालीतून वेगळी काढा, तिला वेगळी रक्कम द्या आणि ती पावसाआधी झाली नाही तर कोणाला विचारायचं ते पद लिहून द्या. प्रत्येक मोरीच्या भिंतीवर मीटरच्या खुणा रंगवा. पूर ओसरल्यावर पाणी कुठवर चढलं होतं याची नोंद गावातलं कोणीही करू शकेल. ती नोंद दहा वर्षं नीट ठेवली तर तुमच्या पुढच्या आखणीला कोणत्याही सूत्राहून जास्त कामी येईल.

यातलं शेवटचं काम आमच्या ओढ्यापुरतं करायला मी तयार आहे. रंग आणि ब्रश मी आणतो, खुणा बरोबर पातळीवर पडाव्यात म्हणून दुर्बीण घेऊन तुमचा एक माणूस एक दिवस पाठवा. पूर आला की आकडे लिहून ठेवीन. ते कोणाकडे पाठवायचे आणि कोणत्या नोंदवहीत चढतील, एवढं कळवावं.

आपला,
कालव्याच्या वरच्या अंगाचा एक शेतकरी